यशवंतरावांचा नंबर

क्वार्टरच्या भिंती पातळ, त्यामुळे शारदाबाई आणि यशवंतराव पोटनीस या नवरा-बायकोचं पाण्याच्या मोटरीवरून झालेलं भांडण साऱ्या लाइनीने ऐकलं होतं. मोटर चालू करायची युक्ती एकट्या यशवंतरावांना ठाऊक. ते कारखान्यात गेले की टाकीत थेंब चढायचा नाही. एकदा दाखवलंत तर काय बिघडेल, असं शारदाबाईंचं म्हणणं. त्यावर ते म्हणाले, "दाखवत कुठे बसू? मीच करतो ना."

पुढे मोटर बदलली. माणूस तोच राहिला.

रिटायरमेंटच्या तोंडावर कारखान्याच्या ऑफिसात नवा प्रिंटर आला आणि तो जोडायचं काम यशवंतरावांच्या गळ्यात पडलं. आधी ज्याच्या त्याच्या टेबलाशी प्रिंटर असे. आता साऱ्या मजल्याला एकच मोठं मशीन, तेही व्हरांड्यात. त्याचं सॉफ्टवेअर मोठं शिस्तीचं. टेबलावरून हुकूम सोडला, तरी मशीनपाशी जाऊन आपला नंबर दाबल्याशिवाय कागद बाहेर यायचा नाही. ज्याचा नंबर, त्याचेच कागद.

आता सगळ्यांना नंबर देऊन शिकवणं आलं. मनोरमाबाई दर वेळी विसरत. मनोहरराव चष्मा घरी ठेवून येत. यशवंतरावांचं डोकं फिरलं. त्यांनी सगळ्यांच्या कॉम्प्युटरांत स्वतःचाच नंबर घालून टाकला आणि दिवसभर व्हरांड्यात जाऊन तो दाबत राहिले. एकदा दाबला की अख्ख्या मजल्याचे कागद भसाभस पडत. साहेबांचं गोपनीय पत्र मनोरमाबाईंच्या भरल्या वांग्यांच्या कृतीखाली सापडलं, तेव्हा बोलणी यशवंतरावांनीच खाल्ली. मशीनला शिव्या घालत ते ढीग निवडायचे, रोज संध्याकाळी टेबलाटेबलावर कागद पोचवायचे, आणि मगच घरी.

शेवटच्या दिवशी दुपारी ते ओळखपत्र जमा करायला गेले. तिथला बाबू सहज म्हणाला, "शाम को आपका नंबर बंद हो जाएगा, पोटनीसजी."

यशवंतराव जागीच थबकले. उद्या पगाराच्या चिठ्ठ्या काढायच्या होत्या, आणि नंबर बंद म्हणजे सारा मजला बंद. जाता जाता असं नाव निघायला नको होतं.

हार-पेढे तसेच ठेवून ते कॉम्प्युटरामागून कॉम्प्युटर दुरुस्त करत सुटले. ज्याचा नंबर त्याला देऊन झाला, मग एकेकाला मशीनपाशी उभं केलं. मनोरमाबाईंची पाळी आली तसा सवयीने यशवंतरावांचाच हात बटणाकडे गेला.

"थांबा, भाऊ," मनोरमाबाई म्हणाल्या. "विसरते विसरते म्हणता, पण दर वेळी बटणं तुम्हीच दाबलीत. मला कधी दाबू दिलंत?"

असंच काहीसं त्यांनी घरी शारदाबाईंकडूनही ऐकलेलं होतं. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते उभे राहिले. बाई चुकल्या, पुन्हा चुकल्या. यशवंतरावांच्या कपाळावर घाम आला, पण हात मागेच राहिले. शेवटी एकच कागद पडला, बाईंचाच.

संध्याकाळी मजला रिकामा झाला. निघताना त्यांनी व्हरांड्यात डोकावलं, तर मशीनवर मनोहररावांचा कागद विसरलेला. एकाला आपला कागद उचलायला नको, असं पुटपुटत त्यांनी तो उचलला, कडा सारख्या केल्या, मनोहररावांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवला आणि स्कूटर काढली.