साडूभाऊंची रविवारची शिकवणी

फुकट काम कसं करावं याचं फुकट मार्गदर्शन करणारा माणूस उभ्या नाशकात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं भाग्य! जगात काही सॉफ्टवेअर अशी असतात की ती कुणीही उघडावीत, त्यातला बिघाड दुरुस्त करावा आणि ती दुरुस्ती ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडे पाठवावी. पटली तर ते ती सामावून घेतात. ती कशी पाठवायची, हे साडूभाऊ दर रविवारी इंदिरानगरच्या आपल्या हॉलमध्ये नवशिक्यांना शिकवतात. कुणी ‘सर’ म्हटलं की चिडतात. एकानं दुरुस्तीसोबत ‘आदरणीय महोदय, नम्र विनंती’ असं लांबलचक लिहिलं, तर म्हणाले, “रजेचा अर्ज आहे का हा? काय बिघडलं होतं आणि तू काय केलंस, तेवढं सांग.” दुसऱ्यानं एक चूक सुधारता सुधारता बटणांचे रंगही बदलले. “नळ गळतो म्हणून बोलावलेल्या प्लंबरनं भिंत रंगवली तर चालेल का रे? एका वेळी एकच!” हे वाक्य आता घरातही रुळलंय. त्यांनी आमटीला नावं ठेवून कोशिंबिरीकडे मोर्चा वळवला की मेव्हणीबाई तेच ऐकवतात.

पिंपळगावची एक कॉलेजातली पोर त्यांच्याकडे यायची. अशाच एका मोफत कॅलेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी महिने उलटसुलट लागायचे, ते तिनं सुधारून पाठवलं. पाठवलं म्हणजे झालंच, असं समजून द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या तिच्या वडिलांनी पेढे वाटले. आणि मग ते सांभाळणाऱ्यांचं उत्तर आलं: असं चालणार नाही, अमुक बदला, तमुक तपासा. पोर रडतच आली. “काका, मी सोडते हे. पप्पांनी आख्ख्या गल्लीला सांगितलंय. आता लय लाज वाटते, नाय जमणार मला.”

मी तिथंच चहा घेत होतो. साडूभाऊंनी आपला लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “हे मी पाठवलेलं पहिलं काम. इतकी वर्षं झाली, कुणी उघडूनही बघितलं नाही. तुझी तर ओळन् ओळ वाचलीय कुणीतरी. परक्या माणसानं तुझ्यासाठी एवढा वेळ दिला, वेडे!” पोरीनं डोळे पुसले आणि तिथंच दुरुस्तीला बसली. पुढच्या आठवड्यात तिचं काम स्वीकारलं गेलं. वडिलांनी पुन्हा पेढे वाटले, त्यातले मीही खाल्ले.

परवा साडूभाऊंचा फोन आला. पोरीनं त्यांचं ते जुनं काम शोधून, सगळं वाचून, त्याखाली सूचना लिहिल्या होत्या. “अहो, पहिल्याच ओळीत चूक काढलीय तिनं,” ते म्हणाले, आणि तिच्या सूचना एकेक करून मला वाचून दाखवू लागले. मीही फोन कानाला धरून शेवटच्या सूचनेपर्यंत ऐकत राहिलो.