आठ हजार ऐंशी नंबरचा पाऊस

माझ्या हातून वडिलांचा चाळीस वर्षांचा पाऊस पुसला गेला, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

मी निलंग्यात घरी बसून सॉफ्टवेअर बनवतो. अकरा वाजता ग्राहकाला काम दाखवायचं होतं, आणि माझा कंटेनर (म्हणजे प्रोग्राम आणि त्याचं सगळं सामान भरलेली बंद पेटी) काही केल्या सुरू होईना. कॉम्प्युटर एकच पालुपद लावून बसला: पोर्ट ८०८० आधीच वापरात आहे. पोर्ट म्हणजे प्रोग्रामच्या दाराचा नंबर; एका नंबरावर एकच बिऱ्हाड!

मी कॉम्प्युटर बंद-चालू केला. तेच. प्रिंटरवर संशय घेऊन त्याचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. तेच! बायको म्हणाली, "आत कोण बसलंय ते बघा की आधी." बघितलं, तर 'पाऊस' नावाचा दुसराच कंटेनर. कॉम्प्युटर चालू झाला की तोही आपोआप उठायचा. हे काय फालतू, म्हणत मी तो जबरदस्तीने उडवला. माझा प्रोग्राम झोकात चालला, ग्राहक खूश झाला. ही मर्दुमकी सांगायला मी नांदेडला बहिणीला फोन लावला. उज्ज्वला तिथे कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते.

"दादा, नुसता थांबवला का काढून टाकला?"

"काढून टाकला! मुळासकट!"

"आरं, ते अप्पांचं हाय! मीच बसवून दिलं होतं. चार महिने एका बोटानं पावसाच्या नोंदी टाइप करायलेत ते. नोंदी पेटीबाहेर ठेवायचं माझ्याकडून राहिलं, पण तुला काय घाई होती? आपल्या पेटीचा बाहेरचा नंबर ८०८१ केला असता, दोघंही नांदले असते!"

एक आकडा. मला तो सुचला नाही, कारण आधी आलेल्याला हाकलणं मला जास्त सोपं वाटलं. आणि मी विचारलंही नव्हतं, की अप्पा रोज दुपारी कॉम्प्युटरवर काय करतात.

अप्पा म्हणजे आमचे वडील, निवृत्त भूगोल शिक्षक. चाळीस वर्षं रोजचा पाऊस मोजून वहीत लिहितात. बाजारातून आले, तेव्हा मी सगळं सांगितलं. ते खुर्चीवर टेकले. बराच वेळ पिशवीतली भेंडी निवडत बसले. मग म्हणाले, "वह्या हायत न्हवं? बस. तू टाइप कर, मी वाचतो."

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही बसतो. अप्पा आकडा वाचतात, मध्येच थांबतात. "ह्या दिवशी तुझी आई माहेराहून भिजत आली होती." इतकं ते माझ्याशी आयुष्यात बोलले नव्हते. परवा एका पानावर त्यांचं बोट थबकलं.

"हा तुझ्या जन्माचा दिवस."

मी खुर्ची पुढे ओढली. "किती पडला होता अप्पा?"

"शून्य," अप्पा म्हणाले. "वर लई उकाडा."

मी तो शून्य टाइप केला, आणि पेटीबाहेरच्या फोल्डरमध्ये नीट जपून ठेवला!