एकाच पत्त्यावरचे दोन सिंगल

टॅक्सच्या ऑफिसात आकडे साठतात असं लोकांना वाटतं. कुठलं काय! रिटर्न एकदा भरलं की आकडे डोक्यातून गेलेच म्हणून समजा. साठतात ते धक्के. आणि आमच्या ऑफिसात तर असे साठलेत की एक सांगायला घ्यावा तर त्याच्या पदराला धरून दुसरा येतोच.

आधी ओळख करून देते. मी मूळची सांगलीची. नवऱ्याला चेन्नैजवळच्या आवडी गावात सरकारी कारखान्यात नोकरी लागली, म्हणून चेन्नैला आले आणि इथलीच झाले. नुंगंबाक्कमला गोविंदराव ऑडिटरांच्या ऑफिसात काम करते. गोविंदराव तंजावरकडचे मराठी. मराठी बोलतात, पण हेल तमिळ आणि शब्द जुन्या वळणाचे. वैतागले की म्हणतात, "काय सांगाचं अक्का!" अक्का म्हणजे मी.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे परदेशातून रिटायर झालेली मंडळी. काही इथलीच, आयुष्य तिकडे काढून म्हातारपणी मैलापूरला परतलेली. काही अस्सल गोरी, इथली बायको करून इथेच राहिलेली. पेन्शन तिकडून येते, टॅक्सचं मात्र इकडचेही विचारतात आणि तिकडचेही. म्हणजे दोन घरचा पाहुणा, पण उपाशी नाही, दोन्ही घरी भांडी घासतोय!

*

जॉर्ज नावाचा एक इंग्रज आहे. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मोठा इंजिनियर होता. रिटायर झाला आणि बायको सेल्वीच्या माहेरी, तांबरमला जाऊन राहिला. आता लुंगी नेसतो आणि रसम भुरकतो.

त्याच्या पेन्शनवाल्यांना अधूनमधून दाखला लागतो, की हा माणूस अजून जिवंत आहे. जॉर्ज इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, पासपोर्ट घेऊन कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे गेला. नोटरी मान खाली घालून शिक्के मारत बसलेला. जॉर्जनं कागद पुढे सरकवला आणि काय हवंय ते सांगितलं. नोटरीनं धाडकन शिक्का मारला, सही केली, पुढचा कागद ओढला.

जॉर्ज हबकला. "अहो, तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! मी जिवंत आहे हे कशावरून?"

नोटरी म्हणाला, "आवाज आला ना सार!"

जॉर्ज तिथून तडक आमच्याकडे आला आणि पंख्याखाली बसून स्वतःची नाडी बघायला लागला.

*

त्याहून भयंकर कल्याणी डॉक्टरांचं. परदेशातल्या एका हॉस्पिटलात जन्म काढून रिटायर झालेल्या बाई. आता तमिळ लोकांत आडनाव नसतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिकडे फॉर्मवर आडनाव लिहाच म्हणतात, म्हणून बाईंनी नवऱ्याचं नाव लावलं. तेच नाव तिकडे आयुष्यभर चाललं.

नवरा गेला. बाईंनी रीतसर कळवलं, की हे हे गृहस्थ वारले. तिकडच्यांनी नाव बघितलं, त्यांच्या कॉम्प्युटरवर त्या नावाचं एकच माणूस सापडलं, ते म्हणजे बाई स्वतः! बाईंचंच पेन्शन बंद!

बाईंनी आमच्या ऑफिसातून फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मी या कानांनी ऐकलं. पलीकडची पोरगी सगळी माहिती विचारून झाल्यावर अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या निधनाबद्दल आम्हाला फार वाईट वाटतं."

मी तोंडावर हात ठेवला. बाई मात्र शांत. म्हणाल्या, "मलाही. आधी कळवलं असतं तर बरी साडी नेसले असते!"

*

पण या सगळ्यांना पुरून उरले ते पट्टाभि मामा आणि वसंता मामी. इथं ब्राह्मणांच्या घरातल्या वयस्कर जोडप्याला मामा-मामीच म्हणायची पद्धत आहे. दोघंही अमेरिकेत नोकऱ्या करून, तिथले नागरिक होऊन, मैलापूरच्या फ्लॅटमध्ये परतलेले. अमेरिकेचा नागरिक कुठेही राहो, तिकडचं रिटर्न त्याला सुटत नाही. आणि मामांना तर रिटर्न म्हणजे सणच!

मामांना प्रत्येक गोष्टीची पावती लागते. एकदा देवळाबाहेरच्या फुलवालीकडे त्यांनी मोगऱ्याच्या गजऱ्याचं बिल मागितलं. ती बिचारी घाबरली. मामा हटेचनात. शेवटी तिनं आणखी हातभर गजरा फुकट कापून दिला आणि हात जोडले, "घ्या सामी, पण जा इथनं!" मामा तो गजरा घेऊन आमच्याकडे हजर. "ऑडिटर सार, फुकट मिळालेला माल कुठं दाखवायचा?"

गोविंदराव म्हणाले, "मामींच्या केसांत!"

मामी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी गजरा घेतला, पण केसांत माळला नाही. पर्समध्ये ठेवला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

*

पुढच्या खेपेला त्यांची रिटर्नं मी स्वतः तपासत होते. मामांच्या कागदावर लिहिलेलं, सिंगल. मामींच्या कागदावरही, सिंगल. पत्ता एकच. मला वाटलं, टायपिंगची चूक झाली.

"मामा, हे चुकलंय. इथं मॅरीड पाहिजे ना?"

"चुकलेलं नाही," मामा म्हणाले. "आम्ही डायव्होर्स्ड आहोत."

माझ्या हातातलं पेनच पडलं. समोर मामी मामांसाठी संत्र्याच्या फोडी सोलत होत्या. एकेक बी काढून फोड त्यांच्या तळहातावर ठेवत होत्या!

"अहो, कधी? का?"

मामा आनंदानं सांगायला लागले. तिकडे दोघांचे पगार सारखे, आणि दोन्ही तगडे. जोडपं म्हणून दाखवलं की टॅक्स जास्त, वेगवेगळं दाखवलं की कमी. एक वकील भेटला, त्यानं सुचवलं, यांनी करून टाकलं. कोर्टातून आले आणि संध्याकाळी एकत्र इडल्या खाल्ल्या. मुलालासुद्धा पत्ता नाही!

"कागदावरचा डायव्होर्स हो! घरात काय फरक पडतो?" मामा म्हणाले.

मी मामींकडे बघितलं. त्यांनी सालं गोळा केली आणि टोपलीत टाकून आल्या. मला त्या माणसाचा असा राग आला म्हणून सांगू! टॅक्स वाचवायला माणसं काय काय करतात, मी बघितलंय. पण बायको?

गोविंदरावांनी तेवढ्यात आपलं नेहमीचं पालुपद ऐकवलं, "जे काय असेल ते सगळीकडे एकच लिहा. इथं एक, तिथं एक असं नको." मामींनी मान डोलावली. अगदी लक्ष देऊन ऐकलं त्यांनी ते.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामा आमच्या ऑफिसातच छातीला हात लावून खाली बसले. घामानं चिंब! आम्ही उचलून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. मामी मैलापूरहून रिक्षानं धावत आल्या. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताबडतोब अँजिओप्लास्टी करायची आहे. नातेवाइकांची सही लागेल. तुम्ही पेशंटच्या कोण?"

मामी म्हणाल्या, "शेजारीण."

मी किंचाळायचीच बाकी होते. स्ट्रेचरवरून मामांनी मान वर केली, "अहो, वाइफ लिहा, वाइफ!"

"खोटं कसं लिहू?" मामी म्हणाल्या. "ऑडिटर सारांनी सांगितलंय, सगळीकडे एकच लिहायचं."

गोविंदरावांनी कपाळावर हात मारून घेतला. शेजारणीची सही चालेना. मुलाला अमेरिकेत झोपेतून उठवून, आई घाबरलीय एवढंच सांगून फोनवर होकार घेतला, तेव्हा कुठे मामांना आत नेलं. दार बंद झालं आणि मामी बाकावर बसल्या. मी पाठीवर हात ठेवला, तर मला म्हणाल्या, "हे आत गेले ना, तर बाहेर मी कोण, हे मला खरंच कळत नाही गं."

नातं पुसून टाकलं होतं आणि त्या बाईला ते रोज सलत होतं. मला वाटलं, आता तरी मामांना अक्कल येईल.

*

आली, पण कशी ते ऐका! मामा खडखडीत बरे झाले. ऐंशी पूर्ण होत आली होती. इकडे नवऱ्याला ऐंशी झाली की सदाभिषेकम करतात. कलशातल्या पाण्याचा अभिषेक, होम, आणि नातवंडांसमोर म्हाताऱ्यानं म्हातारीच्या गळ्यात पुन्हा ताली बांधायची. ताली म्हणजे इथलं मंगळसूत्र. सरळ दुसरं लग्नच!

मामांनी त्यासाठी मामींना हिऱ्याच्या कुड्या घेतल्या आणि पावती घेऊन दोघं आमच्याकडे आले. गोविंदरावांनी पावती बघितली आणि चष्मा काढून ठेवला.

"काय सांगाचं मामा! नवऱ्यानं बायकोला दिलं तर टॅक्स नाही. पण कायद्यानं मामी तुमच्या कोणी नाहीत. परक्या माणसानं एवढी भेट दिली, तर मामींना टॅक्स भरावा लागेल!"

मामांचा चेहरा पडला. गोविंदराव पुढे म्हणाले, "हां, लग्नात मिळालेल्या भेटीला मात्र टॅक्स नाही."

मामा टुणकन उठले! "मग लग्नच करू की! खरंखुरं! सदाभिषेकम आहेच, लगेच रजिस्टर करून टाकू. शिवाय आता माझं पेन्शन मोठं, हिचं लहान. एकत्र दाखवलं तर तिकडचा टॅक्सही कमी! डबल फायदा!"

एका दमात त्यांनी तिकडची बचत, इकडची बचत, सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी मामींकडे बघितलं. त्यांनी कुड्यांची डबी बंद केली, टेबलावर मामांच्या बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "चला, तुमच्या गोळीची वेळ झाली."

*

सदाभिषेकमला मी आणि गोविंदराव दोघंही गेलो. हॉल गच्च भरलेला. मुलगा-सून अमेरिकेहून आलेली, नातवंडं रेशमी कपड्यांत घामाघूम. अभिषेक झाला, होम झाला. मामा नव्या वेष्टीत, म्हणजे इथल्या धोतरात, लहान मुलासारखे खूश. मामी नऊवारीत, कपाळाला ठसठशीत कुंकू, कानात जुन्याच कुड्या.

शास्त्रींनी ताली मामांच्या हातात दिली आणि खूण केली. नादस्वरम आणि तविल, म्हणजे इथले सनई-ढोल, एकदम कडाडले. लोकांनी अक्षता हातात घेतल्या. मामा पुढे वाकले.

मामींनी हात वर केला. "थांबा."

वाजवणारे एकेक करून थांबले. मामींचा आवाज मोठा नव्हता, पण हॉलमध्ये तेवढाच राहिला होता.

"पहिल्यांदा लग्न ठरवलं ते माझ्या वडिलांनी. मोडलं ते अमेरिकेतल्या वकिलानं. आता पुन्हा ठरवलं ते ऑडिटर सारांनी. मला कुणीच विचारलं नाही."

मुलगा मोबाईलवर शूटिंग करत होता. त्याचा हात हळूहळू खाली आला. "मोडलं म्हणजे?" तो म्हणाला. सगळा हॉल आ वासून बघत होता. माझ्या मूठभर अक्षता घामानं हाताला चिकटल्या. मामांनी आधी गोविंदरावांकडे बघितलं. गोविंदराव छताकडे बघायला लागले.

मामांनी हातातली ताली खाली घेतली. ते म्हणाले, "वसंता... माझ्याशी लग्न करशील?"

"टॅक्स किती वाचतो?" मामींनी विचारलं.

हा माणूस झोपेतून उठवला तरी आकडा सांगेल! मामांनी तोंड उघडलं. मिटलं. मामींच्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"विसरलो," ते म्हणाले.

शास्त्री अस्वस्थ झाले. घड्याळ दाखवत म्हणाले, "मामी, मुहूर्त निघून चाललाय!"

मामींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मामांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "जाऊ दे मुहूर्त. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा मला काही विचारतोय." मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हं, परत विचारा."