रोज एक ओळ

रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत मावशी टेबलावर बोटांनी हलकेच ठेका धरायची. मग एकच ओळ बदलायची. दुसरी उद्या.

नवजात बाळांना उबेत ठेवणाऱ्या पेट्यांचा ड्रायव्हर, म्हणजे पेटी आणि पडदा जोडणारा प्रोग्राम, ती सांभाळायची. पेटीतलं तापमान पडद्यापर्यंत आणणारं हे कोड फार जुनं. त्यात एकशे चौदा जागी मजकूर मेमरीतल्या छोट्या खणात ओतला जाई, पण खण केवढा हे ओतणारा विचारतच नसे. मजकूर लांबला की शेजारच्या खणात सांडे. तिथे मोजून ओतणारं नवं फंक्शन घालायचं आणि त्याला खणाची लांबी सांगायची, एवढंच काम. ती ते सांगायची तेव्हा मला वाटायचं, धुक्यातल्या लांबलचक गल्लीत कुणी एकेका दाराची कडी लावत चाललंय.

पुढच्या महिन्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी तिला हे नीट संपवायचं होतं. साहेबांना मात्र शुक्रवारीच हवं होतं.

"ताई, मुंगीच्या पावलांनी कुठवर जाणार?" ते म्हणाले.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं, जिला सगळे वावटळ म्हणत, उरलेल्या साठ जागा एका दुपारीत बदलल्या. कोड विनातक्रार चाललं. तरी मावशी एकेक ओळ वाचत गेली आणि मध्येच थांबली.

"वावटळ, ही लांबी कसली मोजलीस गं?"

"खणाची."

"इथे खण नाही, नुसता त्याचा पत्ता आलाय. पत्ता नेहमी आठ बाइटचा, आठ अक्षरांएवढा. घर मोजायला पाठवलं, तर तू दारावरची पाटी मोजून आलीस!"

वावटळ हसली, मग तिचा चेहरा उतरला. पेटी तापली असती, तर पडद्यावरचा इशारा सात अक्षरांतच तुटला असता; आठवी जागा शेवटच्या खुणेची.

साहेबांनी हे ऐकलं आणि शुक्रवारचा हट्ट सोडला. दोघी पुन्हा रोज एकेक ओळ करू लागल्या. आता एक हिची, एक तिची.

ऑपरेशनच्या सकाळी एकच जागा उरली होती. ती वावटळनं बदलली आणि फोनवर वाचून दाखवली. मावशी हॉस्पिटलच्या खाटेवर टेकून ऐकत होती.

"खणाची लांबी वेगळी पाठवलीस ना?"

"हो ताई. दोनदा पाहिलं."

मावशीनं फोन माझ्या हातात दिला. त्यानंतर ती एवढंच बोलली, तेही माझ्याशी; ऑपरेशनमधून ती उठली नाही.

"झालं एकदाचं. तो पडदा ओढ गं जरा, ऊन येतंय."