जीप भरायला एक शीट कमी
कापसावरच्या स्पिरिटचा वास आला की मला नगरचा तो दवाखाना आठवतो. बाजरी फुलोऱ्यात आली की मला धाप लागायची, म्हणून बाजरीच्याच परागांची लस थोडी थोडी वाढवत टोचून घ्यायला मी दर आठवड्याला पाथर्डीहून जायचे. टोचल्यावर अंगावर काही उठतं का ते पाहायला अर्धा तास बाकावरून उठायचं नाही, असा नियम होता. त्या दिवशी नेहमीचा जीपवाला थेट दारात आला. "ताई, चला की, एका शिटासाठी गाडी अडलीय. लोकं उन्हात बसल्यात." मी दंडावरची लाल गांध पदराखाली झाकली, नर्सला "काही त्रास नाही" म्हणाले आणि अर्धा तास व्हायच्या आधीच निघाले. मधल्या सीटवर दोन्हीकडून चेपून बसले असताना आधी तळहात खाजू लागले, मग घसा आवळत गेला. थांबवा म्हणायची लाज वाटली. आधीच सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. शेवटी शेजारच्या म्हातारीनं माझे सुजलेले ओठ पाहिले आणि ती ओरडली, "आरं, वळीव गाडी! पोरीला दम घेता येईना!" गाडी वळली, दवाखान्यात दुसरं इंजेक्शन मिळालं, मी वाचले. आता बाजरीच्या शेतात उभी राहिले तरी धाप लागत नाही. पण कुणी "तुझ्यासाठी थांबलोय" म्हटलं, की घसा अजून तसाच आवळतो.