दोनदाबाईंचा फॉर्म

माझी धाकटी भावजय रुग्णालयात सिस्टर आहे. वॉर्डात तिला सगळे दोनदाबाई म्हणतात. औषधाचं नाव ती एकदा कुपी उचलताना वाचते आणि एकदा देण्याआधी. घरीही गॅस बंद आहे ना, ते दोनदा बघते. भाऊ म्हणतो, "लग्नाला होकारसुद्धा हिनं दोनदा दिला. मधे मन बदलायची सोय ठेवली होती."

तेवीस वर्षं झाली नोकरीला. गुडघे कुरकुरू लागलेत. रात्रपाळीतून सुटायचा एकच मार्ग, वॉर्डाची इन्चार्ज होणं, आणि बढतीच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं.

त्याच आठवड्यात पाहणीचे फॉर्म आले. रुग्णांच्या सुरक्षिततेबद्दल तिथल्या माणसांना खरोखर काय वाटतं, ते मोजायचं होतं. चूक सांगितली तर ती आपल्यावर उलटेल असं वाटतं का? वरिष्ठ ऐकून घेतात का? वर्षभरात स्वतःकडून किती चुका झाल्या किंवा होता होता टळल्या? नाव लिहायचं नव्हतं, पण नोकरीची वर्षं लिहायची होती. तेवीस वर्षं झालेली त्या वॉर्डात ती एकटीच. मूठ झाकलेली, पण बोटं सगळी बाहेर.

मेट्रननं बजावलं होतं, की आपल्या वॉर्डाला आजवर डाग नाही, आकडा शून्यच राहू दे आणि फॉर्म पाचपर्यंत माझ्या हातात द्या. बाकीच्यांनी उभ्याउभ्या खुणा केल्या. एकीनं तर शेजारणीचं बघून उतरवलं.

दोनदाबाई आकड्यापाशी अडली.

दोन महिन्यांपूर्वी सहा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांची सलाईनची नळी साफ करायला तिनं मिठाच्या पाण्याची कुपी घेतली होती. दोघी सिस्टर रजेवर, फोन सारखा वाजत होता. पहिल्यांदा वाचायचं राहूनच गेलं. सिरिंज नळीला लावली आणि सवयीनं फोडलेल्या कुपीकडे नजर गेली. पोटॅशियम होतं. ते तसंच आत गेलं असतं तर आजोबांचं हृदय बंद पडलं असतं. दोन्ही कुप्या दिसायला जुळ्या बहिणी, आणि एकाच कप्प्यात. तिनं सिरिंज टाकून दिली, आजोबांची चादर सारखी केली आणि कुणाला काही सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही. तेव्हापासून रोज ती कुप्या वेगळ्या करायची आणि सामान भरणारा त्या पुन्हा एकत्र ठेवायचा. सुटीच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून ती वॉर्डात फोन करायची.

पावणेपाचला तिनं कप्पा उघडून पाहिला. कुप्या पुन्हा खांद्याला खांदा लावून उभ्या. ती जागेवर आली, आकड्याच्या चौकोनात "एक" लिहिलं आणि खालच्या मोकळ्या जागेत सगळी हकीकत.

मेट्रननं ते वाचलं आणि उठून दार लावलं. यादी उद्या वर जायची आहे, हे अजून कुणी पाहिलेलं नाही, असं ती शांतपणे म्हणाली. मग एक कोरा फॉर्म पुढे सरकवला.

"नीट विचार करून लिही. मी थांबते."

दोनदाबाईनं पेन उचललं.  एकही ओळ न गाळता लिहून तिनं कागद परत दिला.

"हे तर तेच आहे."

"हो मॅडम. दुसऱ्यांदा तपासलं. बरोबर आहे."

मेट्रननं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाली, "कप्पा कुठला?"

पोटॅशियमच्या कुप्या मेट्रननं स्वतः उचलल्या आणि कुलपाच्या कपाटात ठेवल्या. वॉर्डात बातमी पसरायला वेळ लागत नाही. सहाच्या आत दोघीजणी दबकत मेट्रनच्या दाराशी आल्या. आमचे फॉर्म जरा परत मिळतील का, आकडा चुकलाय, म्हणाल्या.

इन्चार्ज दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर झाली. आमची बाई गुडघ्याला पट्टा बांधून अजून रात्रपाळी करते. सुटीच्या दिवशी मात्र फोनबिन काही नाही. चांगली दहा वाजेपर्यंत झोपते.