बॉनेटवरचं कुंकू

मिस्त्रीने हवेच्या फिल्टरचा पाइप काढून जमिनीवर आपटला आणि आतलं उंदराचं घरटं माझ्या पायावर पडलं. वास असा, की मी नाकावर बाही धरली. हा वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर. सकाळपासून सेल्फ मारला की नुसता घरघरायचा, चालू होत नव्हता. बॅटरी बदलली, डिझेलच्या नळीतली हवा काढली. रान वाफशावर आलेलं, पेरणी खोळंबलेली, आणि आत हे.

मी काडीने घरटं उसकटलं. झेंडूच्या माळांचे दोरे, खोबऱ्याचे कुजके तुकडे, कुंकवाने लाल झालेल्या अक्षता, त्यात लेंड्या आणि दोन मेलेली पिल्लं. सगळं सामान आमच्याच दसऱ्याच्या पूजेतलं.

"नारळ दरवर्षी फोडता. हे कधी उघडलं होतं?" मिस्त्रीने विचारलं. मी थोरल्या भावाकडे पाहिलं, तो चाकाला चिकटलेली माती खरवडू लागला.

उंदरांपेक्षा मला आमचीच किळस आली. एकदा कुंकू लावलं की आत डोकवायची जबाबदारी संपली, असं आम्ही धरून चालतो. यंत्राचंच कशाला, वडिलांच्याही आम्ही दर सणाला पाया पडायचो. ते पाय सुजलेत, हे डॉक्टरांनी दाखवल्यावर दिसलं.

पाइप धुऊन बसवला, आणि ट्रॅक्टर काळा धूर ओकत चालू झाला. माझ्या बोटांचा वास अजून गेला नव्हता. तेवढ्यात भावाने घराकडे तोंड करून वहिनीला हाक दिली, "अगं, एक नारळ घेऊन ये."